स्पेलचा तक्ता: नियम की ठोकताळा?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, तेव्हा आधी त्याचा गोषवारा. तुम्ही गेलं वर्षभर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे फासे टाकत गोष्टीतली पात्रं खेळायच्या खेळाच्या, पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन (सेशनागणिक पुढे जाणारी गोष्ट) चालवताय, २०१४ची पुस्तकं वापरून. विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळणारी मूळची मालवणची. तिला स्वतःचा स्पेल (मंत्र) हवाय, नाव 'पाग'. कोकणात खाडीत उभं राहून फेकतात ते गोल जाळं, फक्त मंतरलेलं. तिने लिहून आणलं ते असं: तिसरी लेव्हल (स्पेलच्या ताकदीची पायरी), ६० फुटांपर्यंत, २० फूट त्रिज्या, जाळ्याखाली येईल तो अडकणार, अडकलेल्याला दर फेरीला ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) डॅमेज, कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) नाही. तुम्ही डंजन मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या, म्हणजे डीएमच्या) पुस्तकातला स्पेलच्या डॅमेजचा तक्ता काढलात आणि म्हणालात, तिसऱ्या लेव्हलला अनेकांवर ६डी६, त्यावर नाही. ती म्हणाली, मग तिसऱ्याच लेव्हलचा फायरबॉल, तो आगीचा गोळा, ८डी६ कसा? तिसरा गडी मध्ये पडला: छापलंय ना, मग तो नियम. चौथा म्हणाला: नाही, ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्या दिवशी खेळ झालाच नाही.

'मार्गदर्शक तत्त्वं' हा शब्द मला शासन निर्णयासारखा वाटतो. आपल्याकडे 'ठोकताळा' हा चांगला शब्द आहे, तोच वापरतो.

उत्तर आधी सांगून टाकतो. तक्ता हा ठोकताळा आहे. पण ज्या दिवशी तुम्ही होकार देऊन पाग तिच्या कॅरॅक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) उतरवू द्याल, त्या दिवसापासून पागच्या मजकुरातला शब्द न् शब्द नियम. ठोकताळा स्पेल घडवणाऱ्याशी बोलतो, खेळ सुरू व्हायच्या आधी. नियम टेबलावरच्या सगळ्यांशी बोलतो, फासे पडत असताना. तुमच्या टेबलावर चौघं वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलत होते, म्हणून वाद मिटेना.

बदाम सात आठवा. हातात लागणारं पान असताना 'पास' म्हणता येतं का? घरोघरी वेगळं. कुठे चालतं, कुठे नाही, आणि दोन्हीकडे खेळ रंगतो. पण जे काय असेल ते पानं वाटायच्या आधी ठरलेलं हवं. चौकटची अठ्ठी दाबून बसलेल्या मावशीला मधेच 'आमच्यात असं चालत नाही हं' म्हणून बघा. तिने त्या अठ्ठीवर अख्खा डाव रचलेला असतो. नियम कडक आहे की सैल याने तिला फरक पडत नाही. आपण ज्याच्या भरवशावर डाव रचला ते पायाखालून काढून घेतलं, याने पडतो. विझर्ड खेळणारा माणूस म्हणजे कायम ती मावशी. फायटरला दर फेरीला तलवार आहेच. विझर्ड सकाळी उठून आज कुठले स्पेल तयार ठेवायचे हे निवडतो, म्हणजे डाव आधी रचतो. म्हणून स्पेलच्या बाबतीत हा प्रश्न जितका चिघळतो तितका कुठे चिघळत नाही.

आता तक्ता आणि फायरबॉल. तिचा मुद्दा तुम्ही उडवून लावलात, पण तो खरा आहे. त्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एकावर मारा करणाऱ्या स्पेलसाठी आणि अनेकांवर करणाऱ्या. पहिल्या लेव्हलला एकावर २डी१०, अनेकांवर २डी६. दुसरीला ३डी१० आणि ४डी६. तिसरीला ५डी१० आणि ६डी६. खाली जाऊन बघा, अनेकांवर ८डी६ कुठे येतं? पाचव्या लेव्हलला. म्हणजे या खेळातला सगळ्यात प्रसिद्ध स्पेल त्याच खेळाच्या ठोकताळ्यापेक्षा दोन लेव्हल पुढे आहे. शेजारचा लाइटनिंग बोल्टही तसाच.

फरक किती पडतो? ६डी६ची सरासरी २१, ८डी६ची २८. सात पॉइंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण बगबेअर नावाच्या राक्षसाला २७ हिट पॉइंट (अंगातला जीव) असतात. सेव्ह (मारा चुकवण्यासाठी टाकलेला फासा) चुकलेला बगबेअर तक्त्यातल्या स्पेलने सरासरीत उभा राहतो आणि फायरबॉलने आडवा होतो. याउलट गॉब्लिनला ७ हिट पॉइंट. सेव्ह साधून निम्मं डॅमेज घेतलं तरी २१चे निम्मे साडेदहा, तो मेलेलाच. त्याच्यासाठी दोन जादा फासे वाया. म्हणजे फायरबॉलची सवलत सगळीकडे सारखी लागू होत नाही, मधल्या वजनाच्या शत्रूंवर लागू होते. तक्त्याकडे नुसतं बघून हे कळत नाही. शत्रूंची पानं उघडून वजाबाकी करावी लागते, आणि स्पेल घडवताना माझा निम्मा वेळ त्यातच जातो.

पण फायरबॉलला ही सवलत का? मला पटलेलं कारण इतिहासात आहे. १९७९च्या डंजन मास्टरच्या पुस्तकाच्या काळातला, म्हणजे ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या आवृत्तीतला फायरबॉल घ्या. जादूगाराच्या प्रत्येक लेव्हलला (त्याच्या स्वतःच्या, स्पेलच्या नव्हे) एक सहा बाजूंचा फासा. पाचव्या लेव्हलला तो पहिल्यांदा हाताशी येतो, तेव्हा ५डी६, सरासरी साडेसतरा. तेव्हाच्या ओगरला चार हिट डाइस (जीव ठरवणारे आठ बाजूंचे फासे) अधिक एक, म्हणजे सरासरी १९ हिट पॉइंट. एका फायरबॉलमध्ये ओगर जवळजवळ संपला. पाचव्या आवृत्तीत ओगरला ५९ हिट पॉइंट. २८ म्हणजे निम्मंही नाही. फासे वाढले, पण त्याहून जास्त वेगाने राक्षस फुगले. म्हणजे ८डी६चा फायरबॉल त्याच्या आजोबांच्या मानाने अशक्तच आहे. त्याला दिलेले दोन जादा फासे ही घराण्याच्या नावाची सवलत: हा स्पेल पहिल्यांदा मिळाला की टेबलावर आरडाओरडा झालाच पाहिजे, एवढ्यासाठी दिलेली. मला त्यात गैर काही वाटत नाही. पण घराण्याची सवलत शेजाऱ्याला मागता येत नाही. शिवाय फायरबॉल फक्त जाळतो. आपली माणसं मध्ये असली तर त्यांनाही जाळतो. तो कुणाला धरून ठेवत नाही, ढकलत नाही, दुसऱ्या फेरीला काही करत नाही. पागची तुलना त्याच्याशी करणं म्हणजे वाटीने दोरी मोजणं.

जुन्या फायरबॉलचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. त्या काळी त्याच्या मजकुरात लिहिलेलं होतं की हा गोळा साधारण ३३,००० घनफूट जागा व्यापतो, आणि जागा नसेल तर आकार बदलून ती भरून काढतो. उघड्यावर ठीक: २० फूट त्रिज्येच्या गोलाचं घनफळ काढा, तेवढंच येतं. पण भुयारात? १० फूट रुंद, १० फूट उंच बोळ म्हणजे दर फुटाला १०० घनफूट. ३३० फूट बोळ आगीने भरणार. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर इकडे १६५, तिकडे १६५. आम्ही तो जुना खेळ हौसेने खेळायला घेतला तेव्हा आमच्या विझर्डने ८० फुटांवरच्या ऑर्कांवर फायरबॉल टाकला. मी कागदावर भागाकार केला, वर पाहिलं आणि म्हणालो, "सगळ्यांनी सेव्ह करा." "सगळ्यांनी म्हणजे?" "म्हणजे तुम्हीपण." दोघं गेले.

कुणी तक्रार केली नाही. कारण वाक्य पुस्तकात होतं, त्याने ते वाचलेलं होतं, हिशोब त्यालाही करता आला असता. आग कशी पसरते याचं ते वर्णन होतं, पण शीटवर आलं की वर्णनही नियमच. तिसऱ्या आवृत्तीपासून हे घनफुटांचं प्रकरण काढून सरळ २० फूट त्रिज्या ठेवली. खेळ सुटसुटीत झाला आणि भुयारातली एक भीती गेली. मला दोन्ही आवडतं, पण दर आठवड्याला भागाकार करायची तयारी नाही.

मुळात १९७४च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये नव्या स्पेलसाठी काय होतं ते सांगण्यासारखं आहे. खर्चाचा पक्का आकडा होता. पहिल्या लेव्हलचा स्पेल शोधायचा तर २,००० सोन्याची नाणी, दुसरीला ४,०००, तिसरीला ८,०००, असं दुप्पट होत सहावीला ६४,०००. एवढे मोजले की यशाची शक्यता २० टक्के. हवी तर पुन्हा तेवढेच ओता. पण तुमचा स्पेल कुठल्या लेव्हलचा, हे कोण ठरवणार? त्याला तक्ता नाही. ते रेफरीने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ठरवायचं. किंमत हा नियम, वजन हा अंदाज. ही विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते, कारण किंमत खेळाडूला माहीत असावी लागते आणि वजन फक्त जोखावं लागतं.

तक्ता आला म्हणून जोखणं सोपं झालं असं समजू नका. खेळ बनवणाऱ्यांच्याही हातून चुका झाल्यात, आणि त्या चुका तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टींमुळे झाल्यात. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीतला हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा स्पेल, घ्या. डॅमेज शून्य, नुसती एक जादा छोटी कृती. पण त्या कृतीत स्पेल टाकता यायचा, म्हणजे जादूगार फेरीला दोन स्पेल टाकू लागला आणि हेस्ट नसलेला जादूगार म्हणजे चप्पल न घालता लग्नाला गेलेला माणूस. त्याच आवृत्तीत हार्म नावाचा स्पेल होता: स्पर्श झाला की शत्रूला १डी४ हिट पॉइंट उरणार, सेव्ह नाही. ड्रॅगनही त्याला अपवाद नाही. २००३ला साडेतीनव्या आवृत्तीत दोन्ही दुरुस्त करावे लागले.

पाचव्या आवृत्तीतलं माझं आवडतं उदाहरण हीलिंग स्पिरिट. २०१७च्या पुरवणीत आला. दुसऱ्या लेव्हलचा. एक आत्मा मिनिटभर तरंगतो, त्याच्या जागेत जो येईल त्याला १डी६ हिट पॉइंट परत. वाचायला अगदी सौम्य: १डी६! तक्त्याच्या कितीतरी खाली. पण मिनिट म्हणजे दहा फेऱ्या. लढाई संपली की चौघं जण रांग लावून त्याच्यातून ये-जा करायचे, दर फेरीला चौघांना. चार गुणिले दहा गुणिले साडेतीन, १४० हिट पॉइंट. त्याच दुसऱ्या लेव्हलच्या किमतीत क्युअर वूंड्सने एकाला मिळतात सुमारे १३. आमच्या टेबलावर त्या रांगेला 'दर्शनबारी' म्हणायचे. शेवटी शुद्धिपत्रक काढून मर्यादा घालावी लागली: एक अधिक तुमचा मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून मिळणारा जादा आकडा), एवढ्याच वेळा. मॉडिफायर चार असेल तर पाच वेळा, साडेसतरा पॉइंट. १४०वरून साडेसतरा! फासा तोच राहिला. बदललं ते 'किती वेळा' आणि 'किती जणांना'.

तिच्या पागमध्येही घोळ नेमका तिथेच आहे. ४डी६ हा आकडा ६डी६च्या आत बसतो म्हणून तिला तो माफक वाटतोय. पण 'दर फेरीला' हे दोन शब्द वाचा. सरासरी १४, तीन फेऱ्या अडकला तर ४२. फायरबॉलच्या दीडपट, तेवढ्याच क्षेत्रात, वर अडकवणं फुकट, वर कॉन्सन्ट्रेशन नाही म्हणजे सोबत आणखी एक मोठा स्पेल चालू ठेवता येणार.

पाग दुरुस्त करण्याआधी दुसऱ्या एका खेळाकडे बोट दाखवतो, कारण तिथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. आर्स मॅजिका, पहिली आवृत्ती १९८७. काल्पनिक बाराव्या-तेराव्या शतकातला युरोप, लॅटिन बोलणारे जादूगार. पाच क्रिया आणि दहा विषय: क्रेओ म्हणजे निर्माण करणं, पेर्दो म्हणजे नष्ट करणं, इग्नेम म्हणजे आग, कॉर्पस म्हणजे शरीर. एक क्रिया आणि एक विषय जोडला की जादूचा एक प्रांत, आणि प्रत्येक प्रांताखाली यादी: अमुक परिणामाची मूळ लेव्हल अमुक. त्यावर अंतर, काळ आणि लक्ष्य यांची भर. पाचव्या आवृत्तीतला 'पिलम ऑफ फायर' बघा: अधिक १५ डॅमेजची आग निर्माण करणं मूळ लेव्हल १०, आवाज पोचेल तिथवर फेकायची म्हणून दोन पायऱ्या वर, झाली २०. संपलं. कुणाला विचारायचं नाही. त्यातलं 'डायमीटर' हे काळाचं माप मला फार आवडतं: सूर्याला आकाशात स्वतःच्या बिंबाइतकं सरकायला लागणारा वेळ, म्हणजे दोन मिनिटं.

गंमत म्हणजे त्या याद्यांना ते लोक 'गाइडलाइन्स' म्हणतात, पण वागतात त्या नियमासारख्या. कारण तिथे स्पेल घडवणं हाच खेळ आहे. खेळाडूचा जादूगार ऋतू न् ऋतू प्रयोगशाळेत बसून तेच करत असतो. घडवणारा आणि खेळणारा एकच माणूस, तेव्हा ठोकताळ्याला नियम व्हावंच लागतं. नाव काय दिलंय ते बघू नका, त्या मजकुरावर विसंबून कोण डाव रचतोय ते बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तो तक्ता डंजन मास्टरच्या पुस्तकात मागे ठेवलाय, खेळाडूच्या पुस्तकात नाही, ते उगाच नव्हे.

एका ठिकाणी मात्र मी ठोकताळा भर खेळात काढतो: मजकूर खरोखर अस्पष्ट असेल तेव्हा. हा वाद तुमच्याकडेही कधीतरी येणारच. पहिल्या लेव्हलचा एक स्पेल आहे, उघड्या भांड्यात १० गॅलन पाणी निर्माण करायचा. दर दोन वर्षांनी एक नवा खेळाडू डोळे चमकवत विचारतो, "फुप्फुस म्हणजे उघडं भांडंच ना? नाकातून उघडं आहे!" यावर शरीरशास्त्राचा वाद घालण्यात अर्थ नाही, मी एकदा घातला, समोर डॉक्टर होता, हरलो. मी आता एवढंच सांगतो की सेव्हशिवाय माणूस जागीच मारायचा स्पेल या खेळात आहे, पॉवर वर्ड किल, तो नवव्या लेव्हलचा आहे आणि त्यालाही १०० हिट पॉइंटची अट आहे. पहिल्या लेव्हलच्या मजकुराचा एखादा अर्थ लावून नवव्याचं काम होत असेल, तर तो अर्थ चुकलाय. इथे ठोकताळा नियमाच्या वर बसलेला नाही. नियमाचे दोन अर्थ निघत होते, त्यातला एक निवडायला त्याने मदत केली. मजकूर स्वच्छ असेल तर मला परिणाम कितीही नावडता असो, मी गप्प बसतो.

गप्प बसायला शिकलो ते एकदा न बसल्यामुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने 'सावलीचा दोर' नावाचा स्पेल बनवला होता, मी वाचून होकार दिलेला. सावलीचा दोर फेकून शत्रूला २० फूट ओढायचं. कॅम्पेनच्या शेवटच्या लढाईत त्याने तीन फेऱ्या खर्चून खलनायकाला पुलाच्या कडेला यायला भाग पाडलं आणि दोर टाकला. खाली दरी. सहा महिने जपलेला माझा खलनायक चौथ्याच फेरीत जाताना दिसला आणि मी म्हणालो, "नाही, चिलखत घातलंय त्याने, फार जड आहे." मजकुरात वजनाचा शब्द नव्हता. तो काही बोलला नाही. शीटवर त्या स्पेलवर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि पुढच्या कॅम्पेनला फायटर घेतला. त्याच्या पुढच्यालाही.

ओढण्याला आकाराची मर्यादा असावी, हा माझा विचार बरोबरच होता. पण तो होकार देण्याआधी सुचायला हवा होता.

आता पाग. तक्ता बाजूला ठेवा आणि आधी त्याची भावंडं शोधा, कारण अडकवण्याला किती डी६ची किंमत लावायची हे तक्ता सांगत नाही. पहिल्या लेव्हलचा एन्टँगल: २० फुटांचा चौकोन, मिनिटभर, डॅमेज नाही. दुसऱ्या लेव्हलचा वेब: ६० फुटांवर, २० फुटांचा घन, तासभर, डॅमेज नाही, वर ती जागा चालायला अवघड आणि जाळ्याला आग लागू शकते. दोन्ही कॉन्सन्ट्रेशनवाले. म्हणजे अनेकांना अडकवून ठेवणारा कॉन्सन्ट्रेशनशिवायचा स्पेल या पातळीला नसतो. ती अट घालायची, त्यावर घासाघीस नाही.

क्षेत्र बघू. वेबचा पाया ४०० चौरस फूट. तिने मागितलेली २० फूट त्रिज्या म्हणजे साडेबाराशेच्या वर, तिप्पट. १० फूट त्रिज्या घेतली तर ३१४. वेबपेक्षा थोडं लहान, आणि खऱ्या पागाच्या आकाराशी जुळणारं. खरं सांगायचं तर १० फूट त्रिज्याही कुठल्याही पागाला जरा जास्तच, पण मंतरलेला आहे.

डॅमेज: तिसऱ्या लेव्हलला पूर्ण हिस्सा ६डी६. वेबपेक्षा काळ कमी आणि जागा लहान घेतली, लेव्हल एकाने चढवली. त्या बदल्यात निम्मा हिस्सा, ३डी६, एकदाच, जाळं पडतं तेव्हा. सरासरी साडेदहा. गॉब्लिन मरेल, बगबेअर अडकेल. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, त्यांचा मार म्हणून ब्लजनिंग (बोथट माराचं) डॅमेज.

आणि यात एक गोष्ट अशी घातली पाहिजे की हा पागच वाटेल, वेबची नक्कल नाही. पागाला दोरी असते. फेकणारा ती मनगटाला गुंडाळून ठेवतो आणि जाळं ओढून घेतो. तेव्हा ओढण्याची सोय द्या. डॅमेजचे आकडे तीन सेशननंतर कुणाला आठवत नाहीत, ओढलेला बगबेअर आठवतो.

मी मजकूर असा लिहीन: "पाग. तिसरी लेव्हल. एक ॲक्शन. अंतर ६० फूट. कॉन्सन्ट्रेशन, १ मिनिटापर्यंत. तुम्हाला दिसणाऱ्या जमिनीवरच्या बिंदूभोवती १० फूट त्रिज्या आणि १० फूट उंची एवढ्या जागेवर मंतरलेलं जाळं पडतं. त्यातल्या प्रत्येकाने डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह करायचा. चुकला तर ३डी६ ब्लजनिंग डॅमेज आणि तो रिस्ट्रेन्ड. साधला तर निम्मं डॅमेज, अडकत नाही. अडकलेल्याला स्वतःची ॲक्शन वापरून तुमच्या स्पेल सेव्ह डीसीविरुद्ध (गाठायच्या आकड्याविरुद्ध) स्ट्रेंग्थ (ताकद) चेक करता येतो. साधला तर तो सुटतो. स्पेल चालू असताना तुमच्या पाळीला एक ॲक्शन वापरून, जाळ्यात अडकलेल्या आणि लार्ज किंवा त्याहून लहान असलेल्या सगळ्यांना सरळ रेषेत तुमच्याकडे १० फूट ओढता येतं."

'लार्ज किंवा त्याहून लहान' हे शब्द कुठून आले ते तुम्हाला कळलं असेल. '१० फूट उंची' यासाठी की पहिल्याच सेशनला कुणीतरी उडणारा शत्रू आणेल. आणि 'डीएमच्या मर्जीनुसार' हे शब्द कुठेही घालू नका. त्याने तुमचं काम संपत नाही, पुढे ढकललं जातं, तेही नेमकं सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेल्या फेरीत. पुस्तकातही असे काही स्पेल आहेत. सजेशनच्या मजकुरात सूचना 'वाजवी वाटेल' अशी हवी, अशी अट आहे, आणि त्या एका शब्दावर मी पाऊण तास गेलेला पाहिलाय.

हे सगळं झाल्यावर एक हिशोब राहतो, तो म्हणजे बाकीचे याचं काय करतील. रिस्ट्रेन्ड असलेल्यावर हल्ला करणाऱ्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), आणि अडकलेल्याच्या स्वतःच्या डेक्स्टेरिटी सेव्हला डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान). फायरबॉलचा सेव्ह कशाचा? डेक्स्टेरिटीचा. म्हणजे एका फेरीला पाग, पुढच्या फेरीला त्यावर फायरबॉल. फायरबॉलला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, तेव्हा ती एकटीच हे करू शकते. मी दोन मिनिटं घाबरलो, मग स्लॉट (दिवसाला किती स्पेल टाकता येतात तो कोटा) मोजले. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. दोन्ही एकाच लढाईत जाळायचे असतील तर खुशाल, दिवसातल्या पुढच्या लढाईला या ताकदीचं फारसं काही तिच्या हाताशी उरणार नाही. पण तुमच्या टेबलावर दिवसाला एकच लढाई होत असेल, आणि हल्ली बहुतेक टेबलांवर तसंच होतं, तर ही किंमत किंमत राहत नाही. हे मला इथून दिसत नाही. तुम्हालाच बघावं लागेल.

म्हणून होकार देतानाच तिला सांगून ठेवा: तीन सेशन असाच चालेल, मग दोघं बसून बघू. त्या तीन सेशनमध्ये तिने पुलावरून कुणालाही ओढू दे, तुम्ही हूं की चूं करायचं नाही. पुस्तकात त्या तक्त्याच्या आसपास एक कसोटी दिलीय, ती या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची आहे: स्पेल इतका चांगला असेल की तो सतत वापरावासाच वाटेल, तर तो त्या लेव्हलला जास्तच झालाय. तीन सेशनांत तिने बाकीचे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल तयार ठेवणंच बंद केलं असेल, तर डॅमेज २डी६ करा किंवा ओढणं एकाच जणापुरतं ठेवा. उलट तिने पाग एकदाच वापरला असेल तर त्रिज्या १५ करून बघा. बदल दोन सेशनच्या मधे, तिच्याशी बोलून, शीटवर नव्याने लिहून. टेबलावर कधीच नाही.

आणि हो, पाण्याखाली पाग चालतो का, हे आजच ठरवा. मालवणची आहे म्हणताय, ती विचारणारच. पाण्याखाली लढताना बहुतेक फेकायच्या-मारायच्या शस्त्रांना डिसॲडव्हान्टेज असतं, पण पुस्तकाने साध्या जाळ्याला त्यातून सूट दिलीय. आगीचं डॅमेज मात्र तिथे निम्मं होतं. मी हो म्हणेन. मजकुरातला 'जमिनीवरच्या' हा शब्द त्यासाठी बदलावा लागेल, तो तिलाच बदलू द्या.